घरी सोलर पॅनेल बनवता येतं का? काय स्वतः करायचं आणि काय विकत घ्यायचं

यूट्यूबवर "घरच्या घरी सोलर पॅनेल" असं शोधलंत की दहा मिनिटांत डोकं गरगरायला लागतं. एक जण जुन्या सीडीवर तांब्याची तार चिकटवून मोबाईल चार्ज करून दाखवतो. दुसरा गॅसवर तांब्याचा पत्रा तापवून मिठाच्या पाण्यात बुडवतो. तिसरा निळे सेल लाकडी चौकटीत बसवतो आणि म्हणतो, आता वीजबिल शून्य!

या तिघांपैकी पहिला खोटा आहे. दुसरा खरा आहे, पण बिनकामाचा. तिसराही खरा आहे, पण त्याचं पॅनेल गच्चीवर कायमचं ठेवलं तर धोक्याचं आहे. कोण कुठे बसतो हे कळलं की पैसे आणि वेळ दोन्ही वाचतात. म्हणून या लेखात मी चार गोष्टी सांगणार आहे: सेल काम कसा करतो, शिकण्यासाठी छोटं पॅनेल कसं बनवायचं, घराच्या एका खोलीसाठी हिशोब आणि जोडणी कशी करायची, आणि वीजबिल खरंच कमी करायचं असेल तर कुठला रस्ता धरायचा.

आधी त्या व्हिडिओंचा निकाल लावू

सीडीमध्ये प्लास्टिक असतं आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर असतो. चमकतं म्हणून वीज देतं असं होत नाही. उन्हापासून वीज मिळवायला अर्धवाहक, म्हणजे सेमीकंडक्टर लागतो आणि सीडीत तो नाही. त्यामुळे व्हिडिओत फोन चार्ज होताना दिसत असेल, तर वीज दुसरीकडून येते आहे हे नक्की समजा.

तांब्याच्या पत्र्याचा प्रयोग मात्र खरा आहे. पत्रा तापवल्यावर त्यावर क्युप्रस ऑक्साइडचा थर तयार होतो आणि तो अर्धवाहक आहे. पण वीज किती मिळते? समजा पाव व्होल्ट आणि ५० मायक्रोअँपिअर मिळाले. गुणाकार केला तर १२.५ मायक्रोवॉट. फोनच्या साध्या चार्जरला १० वॉट लागतात. म्हणजे असे आठ लाख पत्रे जोडायचे! शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी प्रयोग छान आहे, घरासाठी नाही.

राहिला तिसरा, निळ्या सेलचा. तो नीट समजून घेऊ.

सोलर सेल काम कसा करतो?

सेल म्हणजे सिलिकॉनची पातळ चकती. तिच्या एका बाजूला एक मूलद्रव्य अगदी थोडं मिसळलेलं असतं, दुसऱ्या बाजूला दुसरं. दोन्ही थर जिथे भेटतात तिथे एक विद्युत क्षेत्र तयार होतं. उन्हातला प्रकाशकण सिलिकॉनवर आदळला की इलेक्ट्रॉन मोकळा होतो, आणि हे क्षेत्र त्याला एकाच दिशेने ढकलतं. बाहेरून तार जोडली की तोच इलेक्ट्रॉन तुमच्या बल्बमधून फिरून परत येतो. आत हलणारा एकही भाग नाही, म्हणून आवाज नाही आणि तेलपाणीही नाही.

१९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जने पहिला कामाचा सिलिकॉन सेल दाखवला. उन्हातल्या ऊर्जेपैकी सुमारे ६ टक्के ऊर्जेची तो वीज करत होता. आज घरांवर बसणारी चांगली पॅनेल २० टक्क्यांच्या पुढे आहेत.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा.

एक: सेल लहान असो वा मोठा, तो साधारण अर्धा व्होल्टच देतो. आकार वाढला की व्होल्टेज नाही, करंट वाढतो. व्होल्टेज वाढवायचं तर सेल एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडायचे. १२ व्होल्टची बॅटरी चार्ज करणाऱ्या पॅनेलमध्ये म्हणूनच ३६ सेल असतात.

दोन: सेल घरी बनत नाही. सिलिकॉन १,४१४ अंश सेल्सिअसला वितळतो, त्यातली अशुद्धता जवळजवळ शून्यावर आणावी लागते आणि पुढचं काम भट्टीत होतं. कोणी "मी पॅनेल बनवलं" म्हणालं, तर त्याचा अर्थ "तयार सेल आणून जोडले" असाच घ्यायचा.

शिकण्यासाठी: १२ वॉटचं पॅनेल

हे पॅनेल मी प्रत्येकाला एकदा तरी बनवायला सांगतो. एक रविवार जातो, पण नंतर कुठलाही सोलरवाला तुम्हाला उल्लू बनवू शकत नाही.

सामान असं लागेल:

- ५२ × ७८ मिलिमीटरचे १८ सेल, शिवाय चार-पाच जास्तीचे (तुटणारच आहेत)
- टॅबिंग वायर, थोडी रुंद बस वायर आणि फ्लक्स पेन
- ४० ते ६० वॉटचं सोल्डरिंग आयर्न
- साधारण ५४ × २१ सेंटिमीटरच्या दोन काचा, कडा घासून घेतलेल्या
- दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोम टेप आणि पारदर्शक सिलिकॉन
- १२ व्होल्ट चालेल असं ५ व्होल्टचं यूएसबी बक मॉड्यूल
- मल्टीमीटर

सेलची जाडी मिलिमीटरच्या पाचव्या भागाहूनही कमी असते. भाजलेला पापड जसा हाताळता तसाच हाताळा. दाबायचा नाही, वाकवायचा नाही.

आता कृती.

१. सेलची पुढची निळी बाजू बहुतेक वेळा ऋण आणि मागची बाजू धन असते. "बहुतेक" म्हणालो, कारण नव्या प्रकारच्या सेलमध्ये हे वेगळंही असू शकतं. एक सेल उन्हात धरून मल्टीमीटरने तपासा आणि मगच पुढे जा.

२. प्रत्येक सेलच्या पुढच्या पांढऱ्या रेषेवर फ्लक्स फिरवा आणि टॅबिंग वायर सोल्डर करा. वायर सेलच्या दुप्पट लांब ठेवा, कारण उरलेलं टोक पुढच्या सेलच्या मागे जाणार आहे. आयर्न एका जागी धरून ठेवू नका, एकाच हाताने सरळ ओढत न्या.

३. पहिल्या सेलची पुढची बाजू दुसऱ्याच्या मागच्या बाजूला, दुसऱ्याची पुढची तिसऱ्याच्या मागच्या. असं करत ६ सेलची एक ओळ करा. दोन सेलमध्ये दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा सोडा, कारण उन्हात वायर आणि सेल वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात.

४. अशा तीन ओळी करा. मधली ओळ उलटी ठेवा आणि टोकं बस वायरने जोडा, म्हणजे करंट एका ओळीतून वर, दुसरीतून खाली आणि तिसरीतून पुन्हा वर जाईल.

५. बंद करण्याआधी उन्हात मोजा. प्रत्येक ओळीवर साधारण साडेतीन व्होल्ट आणि तिन्ही मिळून दहाच्या आसपास दिसायला हवेत. मल्टीमीटरची तार १० अँपिअरच्या भोकात घालून करंटही पाहा, चांगल्या उन्हात सव्वा ते दीड अँपिअर दिसेल. व्होल्टेज बरोबर आहे पण करंट अगदीच कमी, तर कुठेतरी सोल्डर कच्चं आहे किंवा सेलला तडा गेला आहे.

६. मागच्या काचेवर प्रत्येक सेल मध्यभागी सिलिकॉनच्या एकाच थेंबाने चिकटवा. कडेने फोम टेप लावा, तारा बाहेर काढा, वरची काच ठेवा आणि कडा सिलिकॉनने बंद करा. एक रात्र सुकू द्या.

७. बाहेर आलेल्या दोन तारा बक मॉड्यूलला जोडा. फोन लावण्याआधी मॉड्यूल ५ व्होल्ट देतंय ना, हे मोजूनच घ्या.

कागदावर हे पॅनेल सुमारे १२ वॉटचं आहे, उन्हात तापल्यावर आठ-नऊ वॉट हाती येतील. ५,००० एमएएचच्या फोनच्या बॅटरीत साधारण १९ वॉट-तास ऊर्जा मावते. वाया जाणारी धरून २५ वॉट-तास लागतात. म्हणजे कडक उन्हात तीन तासांत फोन भरेल.

पण फोन थेट पॅनेलला लावू नका. ढग आला की चार्जिंग तुटतं, गेला की पुन्हा सुरू होतं आणि काही फोन तर अशा वेळी हट्ट करून बसतात. मध्ये पॉवर बँक ठेवा. दिवसा पॅनेलने पॉवर बँक भरायची, रात्री पॉवर बँकेने फोन. आणि पॉवर बँक असो वा फोन, लांब वायर घेऊन सावलीतच ठेवा. लिथियम बॅटरीला ऊन अजिबात सोसत नाही.

मग हेच मोठं करून गच्चीवर का नाही ठेवायचं?

"१८ सेल जमले, तर ३६ मोठे सेल का नाही जमणार?" हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. जोडणं जमेल. टिकणं जमणार नाही. त्याची तीन कारणं आहेत.

पहिलं, पाणी. कारखान्यात सेल काच आणि मागची शीट यांच्यामध्ये ईव्हीए नावाच्या थरात पक्के केले जातात. हवा पूर्ण खेचून घेऊन, सुमारे १५० अंशांवर. आत हवा राहत नाही, म्हणून दमटपणाही राहत नाही. चांगल्या पॅनेलच्या नमुन्याला ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत १,००० तास ठेवून पास करावं लागतं. आपल्या सिलिकॉनने बंद केलेल्या कडांना कोकणातला एक पावसाळा पुरे. आत वाफ धरते, वायर गंजते आणि वीज हळूहळू मरते.

दुसरं, सावली. सिरीजमध्ये जोडलेल्या एका सेलवर पान पडलं किंवा कावळा शिटला, तर तो सेल वीज बनवणं थांबवतो. पण बाकीचे ३५ सेल करंट ढकलतच राहतात. मग तो एकटा सेल हीटरसारखा तापतो. याला हॉटस्पॉट म्हणतात. तयार पॅनेलच्या मागच्या जंक्शन बॉक्समध्ये बायपास डायोड असतात, ते करंटला बाजूने वाट काढून देतात. घरच्या पॅनेलमध्ये डायोड नसेल आणि चौकट लाकडाची किंवा प्लास्टिकची असेल, तर ती काळी पडू शकते, पेटूही शकते. शिकण्याचं पॅनेल दोन काचांमध्ये बनवायला सांगितलं ते म्हणूनच. आणि ते तुम्ही समोर असतानाच वापरायचं.

तिसरं, हिशोब. सुटे सेल, वायर, टफन्ड काच, अ‍ॅल्युमिनियमची चौकट हे सगळं किरकोळ भावाने घेतलंत तर बेरीज तयार पॅनेलच्या आसपासच जाते. तयार पॅनेलवर मात्र बरीच वर्षं वॉरंटी मिळते, तुमच्यावर मिळत नाही!

यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही. आयआयटी मुंबईच्या "सोल" प्रकल्पात खेड्यापाड्यांतल्या लोकांनीच विद्यार्थ्यांसाठी सोलर दिवे जोडले, विकले आणि दुरुस्त केले. तिथेही पॅनेल तयार आणलं जायचं आणि जोडणी व दुरुस्ती गावात व्हायची. पुढे राजस्थानातल्या डुंगरपूरमध्ये आदिवासी महिलांनी स्वतः पॅनेल बनवायला घेतली, तेव्हा त्यासाठी यंत्रांसह कारखाना उभा राहिला. घरच्या वीजनिर्मितीतही तीच वाटणी ठेवायची. पॅनेल कारखान्याचं घ्यायचं. हिशोब, जोडणी, जागेची निवड आणि देखभाल आपली.

घरासाठी: आधी कागद-पेन, मग दुकान

बहुतेक लोक उलट करतात. आधी पॅनेल आणतात, मग त्यावर काय चालेल ते विचारतात. तुम्ही आधी यादी करा. समजा लाइट गेल्यावर एका खोलीत एवढं चालायला हवं:

- ९ वॉटचे २ एलईडी बल्ब, ५ तास: ९० वॉट-तास
- २८ वॉटचा १ बीएलडीसी पंखा, ८ तास: २२४ वॉट-तास
- १० वॉटचा वाय-फाय राउटर, १० तास: १०० वॉट-तास
- २ फोन: ५० वॉट-तास

एकूण ४६४ वॉट-तास. १,००० वॉट-तास म्हणजे एक युनिट, तेव्हा हे अर्ध्या युनिटपेक्षाही कमी झालं. पंखा साधा ७५ वॉटचा असता, तर एकट्या पंख्यालाच ६०० लागले असते. म्हणून सोलरवर पहिला खर्च पॅनेलचा नाही, पंखा बदलण्याचा करा.

आता पॅनेल. आपल्याकडे वर्षाची सरासरी धरून दिवसाला साडेचार तास पूर्ण ऊन मोजू. उष्णता, धूळ, वायर, बॅटरी यांत ३० टक्के जातात असं धरू. ४६४ भागिले ४.५, भागिले ०.७, उत्तर येतं १४७ वॉट. ढगाळ दिवसांसाठी वाढ देऊन २०० वॉटचं पॅनेल घ्या.

आणि बॅटरी. लिथियम फेरो फॉस्फेट म्हणजे एलएफपी बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते. ४६४ भागिले ०.८ म्हणजे ५८०, त्याला १२.८ व्होल्टने भागलं की ४५ अँपिअर-तास. ५० ची बॅटरी पुरते. लेड-अ‍ॅसिड बॅटरी मात्र निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणून ती ८० ते १०० अँपिअर-तासांची लागेल. पंखा आणि बल्ब १२ व्होल्ट डीसीचे घेतलेत तर इन्व्हर्टर लागत नाही आणि त्यात वाया जाणारी वीजही वाचते.

चार्ज कंट्रोलर: इथे लोक फसतात

पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर हवाच. तो बॅटरीला जास्त भरू देत नाही. त्याचे दोन प्रकार आहेत, पीडब्ल्यूएम आणि एमपीपीटी. पीडब्ल्यूएम स्वस्त असतो, पण तो पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढून आणतो. ३६ सेलच्या पॅनेलला ते चालतं.

पण दुकानदार सांगतो, "२०० वॉटपेक्षा ५४० चं घ्या, वॉटमागे स्वस्त पडतं." स्वस्त पडतं हे खरं. पण ते पॅनेल सुमारे ४१ व्होल्ट आणि १३ अँपिअरवर काम करतं. पीडब्ल्यूएमने ते १३ व्होल्टवर आणलं की १३ गुणिले १३, म्हणजे फक्त १६९ वॉट मिळतील. बाकीचे दोन-तृतीयांश गेले. मोठ्या पॅनेलसोबत एमपीपीटीच घ्यायचा आणि त्याची कमाल व्होल्टेज मर्यादा पॅनेलच्या ओपन सर्किट व्होल्टेजपेक्षा वर आहे ना, ते लेबलवर बघायचं. आणि बॅटरी एलएफपी असेल तर कंट्रोलरमध्ये एलएफपीचं सेटिंग आहे की नाही हेही विचारायचं.

जोडणी करताना

१२ व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून मुलं बिनधास्त होतात. पण धोका झटक्याचा नाही, आगीचा आहे. बॅटरीच्या दोन टोकांवर पाना पडला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि पाना लालबुंद होतो. म्हणून हे नियम:

- बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात फ्यूज लावा. फ्यूज वायरला वाचवतो, आणि वायर घराला.
- आधी बॅटरी कंट्रोलरला जोडा, मग पॅनेल, शेवटी बल्ब-पंखा. सोडताना बरोबर उलट.
- पॅनेलला बंद करण्याचं बटण नसतं. ऊन आहे तोवर ते चालू. काम करताना त्यावर जाड चादर टाका.
- घरातला साधा एमसीबी डीसीसाठी वापरू नका. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझते. डीसी कधीच शून्यावर येत नाही, ठिणगी जळतच राहते. "डीसी एमसीबी" असं मागून घ्या.
- वायर बारीक घेऊ नका. पॅनेल कंट्रोलरपासून १० मीटरवर असेल आणि ११ अँपिअर वाहत असतील, तर अडीच स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरमध्येच दीड व्होल्टच्या वर वाया जातो. सहाची वायर घेतली तर पाऊण व्होल्टपेक्षा कमी.
- लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. ती झोपायच्या खोलीत किंवा बंद कपाटात नको.

आणि एक नियम असा की तो मोडला तर माणूस मरू शकतो. इन्व्हर्टरचं आउटपुट दोन्हीकडे पिना असलेल्या वायरने घरच्या सॉकेटमध्ये कधीही घालू नका. "लाइट गेली की पूर्ण घर चालतं" म्हणून हा जुगाड काही जण करतात. पण ती वीज तुमच्या मीटरमधून उलटी खांबावर जाऊ शकते आणि लाइन बंद आहे असं समजून वायरमन वर चढलेला असतो. सोलरची लाइन वेगळी ठेवा, नाहीतर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. २३० व्होल्टचं काम त्याचंच आहे, आपलं नाही.

पॅनेल कुठे आणि कसं ठेवायचं? फोन काढा

आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला आहोत, म्हणून पॅनेलचं तोंड दक्षिणेला. फोनमधलं कंपास अ‍ॅप पुरेसं आहे, फक्त लोखंडी पत्रा आणि सळ्यांपासून लांब उभं राहून बघा. कोन साधारण आपल्या गावाच्या अक्षांशाइतका ठेवा: कोल्हापूरला सतराच्या आसपास, मुंबईला एकोणीस, नागपूरला एकवीस अंश. फोनमधलं लेव्हल अ‍ॅप उघडून फोन पॅनेलवर ठेवला की कोन दिसतो.

जागा निवडताना सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता गच्चीचा एकेक फोटो काढा. पाण्याची टाकी, नारळाचं झाड, शेजारची भिंत यांची सावली कुठे फिरते ते तीन फोटोंत कळतं. हे हिवाळ्यात केलंत तर उत्तम, कारण तेव्हा सावल्या सर्वात लांब असतात.

आणखी एक गोष्ट. पॅनेलला ऊन हवं असतं, उष्णता नको असते. कंपनी जे वॉट छापते ते सेल २५ अंशांवर असतानाचे. विदर्भात मे महिन्यात सेल ७० अंशांपर्यंत तापला आणि अंशामागे ०.३५ टक्के घट धरली, तर जवळजवळ १६ टक्के वीज कमी होते. म्हणून पॅनेल पत्र्याला चिकटवून बसवू नका, खालून वारा खेळायला वीतभर जागा ठेवा. धुवायचं ते सकाळी लवकर. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका.

वीजबिल खरंच कमी होईल का?

आता कडू गोष्ट. वरची २०० वॉटची यंत्रणा महिन्याला सुमारे १४ युनिट देते. युनिटला ८ रुपये धरले तर ११२ रुपये वाचले. समजा सगळं सामान १५,००० रुपयांना पडलं, तर ते वसूल व्हायला अकरा वर्षं लागतील आणि तोवर बॅटरी एकदा तरी बदलावी लागेल. बिल कमी करायला बॅटरीवालं सोलर घेऊ नका. ते घ्या लोडशेडिंगसाठी, शेतातल्या खोलीसाठी, किंवा परीक्षेच्या दिवसांत अभ्यासाचा खोळंबा होऊ नये म्हणून. तिथे त्याची किंमत रुपयांत मोजायची नसते.

बिल कमी करायचं असेल तर रस्ता वेगळा: बॅटरी नसलेलं, ग्रिडला जोडलेलं रूफटॉप सोलर. दिवसा जास्तीची वीज ग्रिडला जाते, रात्री आपण ग्रिडची घेतो आणि नेट मीटरिंगमध्ये हिशोब होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला किलोवॉटमागे ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,०००, असं जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान जाहीर झालं. एक किलोवॉट सरासरी दिवसाला चार युनिट देतं आणि त्याला साधारण १०० चौरस फूट मोकळी जागा लागते. अर्ज करण्याआधी योजनेच्या अधिकृत पोर्टलवर चालू नियम वाचा.

पण दोन अटी आधीच माहीत असू द्या. घरी बनवलेल्या पॅनेलला हे अनुदान मिळत नाही. त्यासाठी भारतात बनलेल्या सेलचं, मान्यताप्राप्त पॅनेल नोंदणीकृत विक्रेत्याकडून बसवावं लागतं. आणि साधं ग्रिडवालं सोलर लाइट गेली की स्वतःही बंद होतं, भर उन्हातसुद्धा. वर सांगितलेला खांबावरचा वायरमन सुरक्षित राहावा म्हणूनच ते तसं बनवलेलं असतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

१०० वॉटच्या पॅनेलवर फ्रिज चालेल का?
नाही. ते दिवसाला साधारण ३१५ वॉट-तास देईल. लहान फ्रिजलाही अर्धा युनिट किंवा जास्त लागतो, शिवाय कंप्रेसर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढतो.

गाडीची जुनी बॅटरी वापरू का?
नको. ती सेल्फ मारताना क्षणभर मोठा करंट देण्यासाठी असते. रोज खोलवर उतरवली तर काही महिन्यांत बसते.

घरातल्या ट्यूबलाइटखाली पॅनेल चालेल का?
फोनवर लक्स मीटर अ‍ॅप टाका आणि स्वतः बघा. खोलीत काहीशे लक्स दिसतील, भर उन्हात एक लाखाच्या आसपास. उत्तर तिथेच मिळेल.

भाड्याच्या खोलीत राहतो, काय करू?
गच्ची वापरायची परवानगी नसेल तर ऊन येणाऱ्या बाल्कनीत तयार २० वॉटचं पॅनेल आणि पॉवर बँक ठेवा. ग्रिलला पक्कं बांधा, वाऱ्याने खाली कोणाच्या डोक्यात जायला नको.

मग सुरुवात कशाने करू?
मल्टीमीटरने. तो घ्या, शिकण्याचं छोटं पॅनेल बनवा, आठवडाभर वेगवेगळ्या वेळी त्याचे व्होल्ट आणि अँपिअर फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवा. आपल्या गच्चीवर ऊन किती आणि कधी, हे तेवढ्यात कळेल. मग घरच्या उपकरणांची यादी करा आणि वरचा हिशोब स्वतःच्या आकड्यांनी करा. दुकानाची पायरी चढायची ती हा कागद खिशात ठेवूनच.